इंद्रजाल कॉमिक्सचा जुना अंक हाती आला तर

इंद्रजाल कॉमिक्सचा जुना अंक दिसला की बहुतेक जण आधी मुखपृष्ठ न्याहाळतात. क्रमांक कितवा, वेताळ आहे की मॅन्ड्रेक, किंमत किती छापली आहे, एवढे पाहून घासाघीस सुरू होते. माझे सांगणे असे की अंक आधी मधोमध उघडा. ही कॉमिक्स पिना मारलेली असत. कागदाचे ताव एकात एक घालायचे आणि मधल्या घडीवर दोन पिना ठोकायच्या, अशी ती बांधणी. त्यामुळे सगळ्यात आधी सुटते ते मधले जोडपान. ते निखळले की कथेच्या ऐन मध्यावरचे चार पृष्ठांचे प्रकरण जाते आणि अंक बाहेरून मात्र धडधाकट दिसत राहतो. विकणाऱ्यालाही कित्येकदा हे ठाऊक नसते. मधले पान नसलेला अंक १९६४चा असो की १९८९चा, संग्रहाच्या दृष्टीने तो अपुराच धरायचा.

मधले पान जागेवर असेल तर पिनांकडे पाहा. जुन्या पिना गंजतात आणि गंजाचा तपकिरी डाग शेजारच्या पानांवर उतरतो. डाग आहे, पण पीन चकचकीत आहे, असे दिसले तर अंक कधीतरी उसवून पुन्हा जोडला आहे हे नक्की. तो चांगल्या हेतूनेही जोडलेला असू शकतो. पण मग प्रत्येक पान मोजायचे, पृष्ठक्रमांक नसतील तर कथा वाचून खात्री करायची आणि कागदाचा रंग सगळीकडे सारखा आहे का ते बघायचे. दोन फाटक्या अंकांतून एक धड अंक तयार केलेला असेल तर पानांच्या कडांचा पिवळेपणा एकमेकांशी जुळत नाही.

हे सगळे करण्याइतके या अंकांत काय आहे, ते नव्या वाचकांसाठी सांगायला हवे. टाइम्स ऑफ इंडियाची प्रकाशनसंस्था बेनेट कोलमन हिने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून ही मालिका सुरू केली. पहिला अंक ‘द फँटम्स बेल्ट’, किंमत ६० पैसे. ली फॉक यांचा फँटम हा नायक अमेरिकेतल्या दैनिकांत १७ फेब्रुवारी १९३६ पासून चित्रपट्टीच्या रूपात येत होता. आपल्याकडे ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या वाचकांची त्याच्याशी आधीच ओळख झाली होती. इंद्रजालने त्याला स्वतंत्र पुस्तिका दिली, स्वस्त किंमत दिली आणि हिंदी, मराठी, बंगालीसारख्या भाषांत नेऊन तो घराघरांत पोचवला. मराठीत तो वेताळ झाला आणि वेताळच राहिला. पहिले ३२ अंक फक्त त्याचे. पुढे मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर आले. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. मासिक म्हणून सुरू झालेली मालिका पाक्षिक झाली, ऐंशीच्या दशकात साप्ताहिक झाली आणि एप्रिल १९९० मध्ये थांबली. तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते.

‘सुरुवातीचा अंक’ कशाला म्हणायचे, यावर संग्राहकांत एकमत नाही. पहिल्या दहा अंकांमागे सगळेच धावतात. काही जण ३२पर्यंतच्या निखळ वेताळपर्वाला सुरुवातीचे मानतात. मी साधारण पहिल्या पन्नासांपर्यंत जातो, कारण त्या काळातली मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगवलेली आहेत. आतली चित्रे अमेरिकेतून आलेली, दैनिकांतल्या पट्ट्या कापून, चौकटी वगळून, पुस्तिकेच्या पानांत बसवलेली. मुखपृष्ठ मात्र इथल्या चित्रकाराने इथे रंगवलेले. सुरुवातीच्या काही अंकांच्या मलपृष्ठावर वेताळाचे मोठे चित्र भिंतीवर लावता येईल असे दिलेले असे. मुलांनी ते कापून भिंतीवर लावले, यात नवल नाही, पण त्यामुळेच मलपृष्ठासह असलेला अंक दुर्मीळ झाला. मुखपृष्ठ नसलेला सुरुवातीचा अंक कुणी ‘आतून पूर्ण आहे’ म्हणून देऊ लागला, तर लक्षात घ्या, त्यातला आपला असा भाग आधीच गेलेला आहे.

आतल्या मजकुरातही आपला असा एक भाग आहे. मूळ पट्टीत वेताळाच्या अरण्याचा देश बंगालच्या नावाशी जवळीक सांगणारा होता. इंद्रजालने त्याचे ‘देंकाली’ केले. समुद्री चाच्यांची सिंग टोळी ‘सिंगा’ झाली. पहिल्याच अंकातल्या कथेत वेताळ आपल्या वडिलांच्या मारेकऱ्याचा माग काढतो. मूळ कथेत त्या मारेकऱ्याचे नाव रामा, भारतीय आवृत्तीत रामालू. राम हे नाव खलनायकाला द्यायचे नाही, एवढा विचार संपादकांनी केला होता. त्यामुळे अमेरिकेत हीच कथा कितीही देखण्या पुठ्ठाबांधणीत पुन्हा छापली गेली, तरी १९६४चा मुंबईचा अंक तिच्यात सापडत नाही. तो वेगळा पाठ आहे, आणि तो जपण्याचे माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे.

अंकाचे वय कसे ओळखाल?

पहिली अडचण क्रमांकांची. ४४३व्या अंकापर्यंत सलग क्रमांक चालले. १९८३ पासून वर्ष आणि अंक अशी पद्धत आली, वर्ष २०, अंक १. त्यात १९६३ मिळवले की साल मिळते. वर्ष २० म्हणजे १९८३ आणि वर्ष २७ म्हणजे १९९०. ‘अंक १’ असे मोठ्या अक्षरांत दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, शेजारी वर्षाचा आकडा आहे का ते आधी पाहा. दुसरे असे की इंग्रजी मालिकेत १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नाहीत, तेव्हा छापखान्यात संप होता. हे दोन अंक शोधण्यात वेळ घालवू नका आणि ते ‘अतिदुर्मीळ’ म्हणून कुणी दाखवले तर सरळ नकार द्या.

क्रमांक आणि कथा यांची जोडी भाषेगणिक तीच असेल, असे गृहीत धरू नका. इंग्रजी अंकांच्या याद्या सहज मिळतात, पण मराठी अंकावर ती यादी डोळे मिटून लावायची नाही. अंक समोर ठेवून मराठी शीर्षक, क्रमांक, दिनांक, किंमत जशीच्या तशी वहीत उतरवायची. शीर्षकावरूनही वय ठरत नाही, कारण लोकप्रिय वेताळकथा काही वर्षांनी नव्या मुखपृष्ठासह पुन्हा निघत.

साल छापलेले असतानाही शंका आली, तर प्रकाशकाच्या बारीक टायपातल्या ओळी वाचा. तिथे नक्कल पकडली जाते. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्याआधी पत्त्यात मुंबई-१ असा विभागाचा आकडा असे. १९६४-६५च्या म्हणवल्या जाणाऱ्या अंकावर ४०० ००१ दिसले तर तो अंक त्या काळातला नाही. इंग्रजी अंकावर शहराचे नाव बॉम्बे हवे. अधिकृत इंग्रजी व्यवहारात मुंबई हे नाव १९९५ मध्ये आले, तोवर मालिका बंद होऊन पाच वर्षे झाली होती. बारकोड, संकेतस्थळ, ईमेल यांपैकी काहीही दिसले तर पुढे बोलायलाच नको.

खरा त्रास पूर्ण नकली अंकांचा नाही, अर्ध्या खऱ्या अंकांचा आहे. आतली पाने अस्सल आणि मुखपृष्ठ स्कॅन करून छापलेले, असा प्रकार आता वाढला आहे, कारण रंगीत छपाई कोपऱ्यावरच्या दुकानात होते. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग जवळ ठेवा. अस्सल छपाईत रंग ठिपक्यांच्या शिस्तशीर जाळीने बनलेला दिसतो आणि काळी अक्षरे भरीव, कडा स्वच्छ असतात. स्कॅनवरून छापलेल्या प्रतीत अक्षरांच्या कडाही रंगीत ठिपक्यांत विरघळलेल्या दिसतात, कारण यंत्राला अक्षर आणि चित्र यांतला फरक कळलेला नसतो. नोटा तपासायला मिळते ती छोटी जांभळी टॉर्चही कामी येते. अंधाऱ्या खोलीत तिच्या प्रकाशात आजचा पांढरा कागद निळसर चमकतो, जुना वृत्तपत्री कागद मंद राहतो. मुखपृष्ठाचा कागद आतल्यापेक्षा वेगळा असल्याने तिथे फक्त टॉर्चवर निर्णय देऊ नका. त्याच काळातला, खात्रीचा, स्वस्तातला एखादा फाटका अंक तुलनेसाठी घरात ठेवा. चांगल्या संग्रहात असा एक नमुना असतोच.

बांधीव गठ्ठ्यांचे काय?

महाराष्ट्रातल्या घरांत आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्रऱ्यांत दहा-बारा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्याची बांधणी करण्याची रीत होती. असे गठ्ठे अजूनही मिळतात. बाइंडरने तिन्ही बाजूंना कटर मारलेला असतो, त्यामुळे अंकाचा आकार कमी होतो आणि कधी मुखपृष्ठावरच्या क्रमांकाचाही तुकडा उडतो. कण्याजवळ शिवणीची भोके असतात. व्यापारी अशा अंकाला सुट्या अंकापेक्षा कमी भाव देतात आणि ते बरोबरही आहे. पण बांधणी सोडवून अंक सुटे करण्याच्या भानगडीत पडू नका. सरस लागलेला कणा उचकटताना पहिले आणि शेवटचे पान हमखास फाटते. शिवाय या बांधणीनेच आतली पाने प्रकाशापासून आणि हाताळणीपासून वाचवलेली असतात. गठ्ठ्यातला रंग पुष्कळदा सुट्या अंकापेक्षा ताजा असतो. वाचण्यासाठी आणि अभ्यासासाठी मी बांधीव गठ्ठा आनंदाने घेतो.

मुखपृष्ठावर मुलाने शाईने लिहिलेले नाव, लायब्ररीचा गोल शिक्का, दुकानदाराने घातलेली खडूची खूण, यांमुळे अंकाचा दर्जा थोडा उतरतो. मला मात्र असा अंक नकोसा वाटत नाही. शिक्क्यावर गावाचे नाव असेल तर तो अंक कुठे वाचला गेला, हे कळते. असे शिक्के पुसायचा किंवा खरवडायचा प्रयत्न कधीही करू नका. कापलेले कूपन किंवा रंगवून टाकलेले स्पर्धेचे चित्र ही मात्र खरी उणीव आहे, विशेषतः कूपनच्या मागे कथेची चौकट असेल तेव्हा.

भावाबद्दल एवढेच सांगतो की विक्रेत्याने मागितलेली रक्कम म्हणजे भाव नव्हे. इंटरनेटवर एकाच अंकाला कुणी शंभर मागतो, कुणी हजारो. त्यातले विकले किती गेले, तो आकडा पाहा. लिलावाच्या ठिकाणी पूर्ण झालेल्या विक्रीची नोंद मिळते, ती काही महिने बघत राहा. अंक दुरून मागवताना मुखपृष्ठ, मलपृष्ठ, दोन्हींच्या आतल्या बाजू, मधले जोडपान आणि प्रकाशकाची ओळ, एवढ्यांची छायाचित्रे मागा. ‘पाने पूर्ण आहेत’ या वाक्यावर भागवू नका, ‘मोजून किती आहेत’ असे विचारा. प्रामाणिक विक्रेता मोजून सांगतो. मुंबईत फ्लोरा फाउंटन परिसरातले आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पदपथावरचे पुस्तकवाले अजूनही विचारण्याजोगे आहेत. पण सुरुवातीचे अंक आता दुकानांपेक्षा घरांतून निघतात, म्हणून आपण हे गोळा करतो हे नातेवाइकांत आणि ओळखीच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवावे.

अमेरिकेत कॉमिक्सला दहापैकी गुण देऊन कडक प्लॅस्टिकच्या पेटीत मोहोरबंद करणाऱ्या कंपन्या आहेत. भारतीय अंकांसाठी त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. पाठवण्याचा खर्च मोठा, वाटेत गहाळ होण्याची धास्ती आणि शेवटी न उघडता येणारी पेटी हाती.

अमर चित्र कथा गोळा करणाऱ्यांसाठी एक सूचना जाता जाता देतो. इंद्रजालच्या कामात असलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये ती मालिका उभी केली. ‘कृष्ण’ हा तिचा पहिला भारतीय कथेचा अंक, चित्रे राम वाईरकरांची, पण त्याचा क्रमांक ११ आहे. आधीचे दहा क्रमांक परीकथांचे होते. ‘कृष्ण अंक १’ शोधत फिरू नका. हा अंक असंख्य वेळा पुन्हा छापला गेला आणि पुढच्या आवृत्त्यांत त्याला ५०१ क्रमांक मिळाला, त्यामुळे तिथे किंमत, पत्ता आणि कागद तपासल्याशिवाय वय ठरवता येत नाही.

घरी आणल्यावर

हा कागद टिकण्यासाठी बनवलेलाच नव्हता. लाकडाच्या लगद्यातले लिग्निन त्यात राहते, त्यातून आम्ल तयार होते, कागद तांबूस होतो, ठिसूळ होतो आणि शेवटी घडीवर तुटतो. हे थांबवता येत नाही, लांबवता येते. उष्णता, दमटपणा आणि प्रकाश, तिन्ही कमी ठेवायचे. माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेली पेटी उन्हाळ्यात तापते, म्हणून माळा वर्ज्य. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर पावसाळ्यात ओल येते, म्हणून घराच्या आतल्या भिंतीजवळचे कपाट बरे. मुंबई-कोकण-गोव्यात राहत असाल तर आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र कपाटात ठेवा. आकडा ६५च्या वर रेंगाळू लागला की बुरशीची वेळ आली. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या वेळोवेळी वाळवाव्या लागतात, नाहीतर त्या नावापुरत्या उरतात.

प्रत्येक अंक स्वतंत्र पारदर्शक पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून ठेवावा. पिशवी पॉलिएस्टर फिल्मची मिळाली तर उत्तम, ती मायलर या नावाने ओळखली जाते. ती महाग वाटली तर पॉलिप्रॉपिलीनची चालते. पीव्हीसीची मात्र नको, ती काही वर्षांत चिकट होऊन शाई उचलते. झाकणावर गोंदाची पट्टी असलेल्या पिशव्या स्वस्त मिळतात, पण अंक बाहेर काढताना ती पट्टी मुखपृष्ठाला चिकटते आणि रंगासकट कागद सोलते. पट्टी आधीच कापून टाका. अंक खोक्यात उभे ठेवा, फार सैल नाही, फार घट्ट नाही. सैल ठेवले तर ते वाकतात.

कसर आणि वाळवी यांचा बंदोबस्त खोलीत करायचा, अंकावर नाही. डांबराच्या गोळ्या पानांत घालू नका. कीड लागलेला अंक आला तर तो हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर बाहेरच्या हवेतले बाष्प कागदावर जमते. वाळवी दिसली तर सगळा गठ्ठा वेगळा काढून कपाटच रिकामे करावे लागते, तिथे आळस चालत नाही.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. आज ते पान सांधल्यासारखे दिसते, पण दहा वर्षांत टेप पिवळी पडून गळते आणि तिच्या चिकटाचा तेलकट डाग आरपार उतरतो. आधीच लावलेली टेप ओढून काढू नका. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते परत काढताच येत नाही. दुरुस्ती करायचीच असेल तर जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ, हीच पद्धत. घरातल्या मैद्याच्या खळीवर कसर येते. गंजक्या पिना काढून स्टेनलेस पोलादाच्या बसवणे हे सरावाच्या हाताचे काम आहे. अंक खरोखर मोलाचा असेल तर मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी विचारणा करा.

अंक स्वतःसाठी एकदा नीट स्कॅन करून ठेवा, म्हणजे वाचण्यासाठी मूळ प्रत वारंवार उघडावी लागत नाही. मात्र प्रत आपल्या मालकीची असली तरी चित्रकथेचे हक्क आपले होत नाहीत. तिच्या पीडीएफ वाटणे किंवा छापून विकणे बेकायदा आहे. परदेशातल्या नातेवाइकांना अंक पाठवायचा असेल तर पुरावस्तूंच्या १९७२च्या कायद्याची धास्ती बाळगू नका. त्यात पुरावस्तू म्हणजे किमान शंभर वर्षांची वस्तू, आणि हस्तलिखितांसाठी ७५ वर्षे. ही कॉमिक्स त्यात बसत नाहीत.

शेवटची गोष्ट मराठी अंकांची. इंग्रजी अंक शहरांतल्या संग्राहकांनी बऱ्यापैकी जपले, त्यांच्या याद्या झाल्या, मुखपृष्ठांची छायाचित्रे उपलब्ध झाली. मराठी अंक तालुक्याच्या एसटी स्टँडवर विकले गेले, सुट्टीत दहा घरांत फिरले आणि वाचून वाचून संपले. कोणत्या मराठी अंकात कोणती कथा होती, शीर्षक काय होते, देंकालीचे आणि रामालूचे मराठीत काय झाले, याची नीट नोंद अजून व्हायची आहे. ती एकट्याने होणार नाही. तुमच्या घरात मराठी इंद्रजालचा एखादा अंक असेल, मुखपृष्ठ नसलेला, टेप लावलेला, अर्धा, कसाही, तरी त्याचे शीर्षक, क्रमांक, दिनांक आणि प्रकाशकाची ओळ लिहून काढा आणि सगळ्या पानांची छायाचित्रे घेऊन ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत पेटी रिकामी होण्याआधी हे काम करा, आणि तो अंक रद्दीत देऊ नका.